निसर्गचित्र शिकताना: चित्रातला पांढरा कुठून येणार?

नवशिक्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: निसर्गचित्र शिकायचंय, जलरंग घेऊ की तैलरंग? त्यावर आम्ही उलट विचारतो, चित्रातली सगळ्यात उजळ जागा, म्हणजे ढगाची कड किंवा पाण्यावरची तिरीप, तुम्ही आधी रंगवणार की शेवटी? प्रत्येक माध्यमात याचं उत्तर वेगळं आहे. ते एकदा उमगलं की बाकीचं तंत्र समजायला फार वेळ लागत नाही.

जलरंग

इथे पांढरा म्हणजे कोरा कागद. उजेड रंगवायचा नसतो, राखून ठेवायचा असतो. म्हणून ब्रश भिजवण्याआधीच कुठे रंग लावायचा नाही हे ठरवा, आणि मग फिक्याकडून गडदाकडे जा. वाळल्यावर रंग फिका पडतो, त्यामुळे ओला असताना तो थोडा जास्तच गडद वाटायला हवा.

आकाशासाठी कागद ओला करून त्यावर ओलाच रंग सोडतात. कागदावर पाण्याची चमक आहे तोवर रंग मोकळा पसरतो. चमक गेली पण ओल उरली, तो क्षण धोक्याचा. तेव्हा पाणीदार ब्रश टेकवला की झालरीसारख्या कडेचा डाग उमटतो. बहुतेकांची आकाशं इथेच बिघडतात, आणि तीही 'जरासं सुधारू' म्हणून. हात आवरा, पूर्ण वाळू द्या, मग पुढचा थर लावा.

कागद 300 जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे. बजेट कमी असेल तर रंग कमी घ्या, कागदात काटकसर करू नका.

पोस्टर रंग आणि अ‍ॅक्रिलिक

दोन्ही पाण्यातले, पण उजेड वरून लावता येतो, म्हणून चूक झाकता येते. पोस्टर रंगात गडद छटा वाळल्यावर फिक्या होतात आणि फिक्या छटा गडद. मिसळलेला रंग कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहा. अ‍ॅक्रिलिकमधलं चिकट द्रव्य ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे रंग किंचित गडद होतो. तो काही मिनिटांत वाळतो. निळ्यातून नारिंगीकडे जाणारं संध्याकाळचं आकाश हवं असेल तर फवाऱ्याची बाटली हाताशी ठेवा, आणि ब्रशवर रंग कधीही वाळू देऊ नका.

तैलरंग

पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत ठेवत. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकाराने धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि हे रंग उघड्यावर नेणं सोपं झालं.

तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतं, त्याला काही दिवस लागतात. तोवर कडा मऊ करत बसता येतं, ही याची खरी मौज. सावल्या आधी पातळ लावायच्या, उजेड शेवटी जाड. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलंत तर वरचा थर आधी घट्ट होऊन पुढे तडे जातात.

हे जरूर वाचा: जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. रंग पातळ करायला टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात.

सॉफ्ट पेस्टल

या रंगाच्या भुकटीच्या कांड्या असतात, म्हणून वाळण्याची वाटच पाहावी लागत नाही. खरखरीत कागदावर गडदापासून सुरुवात करा, उजेड शेवटी. भुकटी फुंकू नका, कागद उभा धरून मागून टिचकी मारा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका.

पहिला सराव

माध्यम कोणतंही असो, आधी हाताच्या पंजाएवढं चित्र एकाच गडद रंगाच्या तीन-चार छटांत करा. साधारणपणे आकाश सगळ्यात उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल, डोंगरउतार आणखी गडद आणि उभी झाडं सगळ्यात गडद. वादळी आभाळ किंवा बर्फ असेल तर हा क्रम उलटतो. दूरचा डोंगर फिका आणि निळसर दिसतो, कारण मधली हवा प्रकाश विखुरते. जवळच्या झाडाचा हिरवा तिकडे नेऊ नका.

आकाश जमत नसेल तर फक्त आकाश रंगवा. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने 1821-22 मध्ये ढगांचे कितीतरी छोटे अभ्यास कागदावर तैलरंगात केले आणि अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि हवामान लिहून ठेवलं. तुम्हीही तसंच करा. महिन्याभराने ते कागद शेजारी मांडले की काय सुधारलं ते दिसेल.

चोवीस रंगांच्या संचाऐवजी पाच ट्यूब पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना. शेवटच्या दोन मिसळल्या की ढगांचा सुंदर करडा मिळतो. तैलरंग, अ‍ॅक्रिलिक आणि पोस्टर रंगांत पांढरी ट्यूब वेगळी लागेल.

एकाच नावाचा रंग दोन कंपन्यांत निराळा असू शकतो. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, जसं अल्ट्रामरीनसाठी पीबी 29. ट्यूब संपली तर रिकामी सोबत आणा, म्हणजे तोच क्रमांक पाहून देता येईल.