डबल स्ट्राइक (जुनी अमेरिकन तांब्याची नाणी)

धातूच्या एकाच चकतीवर त्याच ठशांचा (नक्षी कोरलेल्या साच्यांचा) ठोका दोनदा बसला की त्या नाण्याला डबल स्ट्राइक म्हणतात. १७८५ ते १७८८ मधली कनेक्टिकट, व्हरमाँट, न्यू जर्सी वगैरे राज्यांची कॉपर्स (तांब्याची नाणी) आणि १७९३ पासून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेले लार्ज सेंट (एक सेंटचं मोठं नाणं), हाफ सेंट (अर्ध्या सेंटचं) यांच्यात अशी नाणी सापडतात.

कारण त्या काळचं स्क्रू प्रेस. माणसं लांब दांडा जोर लावून फिरवायची, वरचा ठसा खाली येऊन चकतीवर आदळायचा आणि मग नाणं काढून नवी चकती ठेवायची. ते नाणं नीट निघालं नाही, अर्धवट सरकून तिथेच राहिलं की पुढचा ठोका त्याच्यावरच. कधी ठसा नुसता उसळून परत टेकतो, तेव्हा अक्षरांना बारीक सावलीसारखी कड येते. पण नाणं बरंच सरकलेलं असेल तर खरी मजा, एकाच नाण्यावर दोन चेहरे दिसतात आणि सालाचे आकडेही दोनदा दिसतात, पहिला छाप चपटा होऊन दुसऱ्याच्या खाली दबलेला असतो, म्हणजे कुठला ठोका आधीचा ते थेट वाचता येतं. शिवाय या नाण्यांना घट्ट कॉलर (ठोक्याच्या वेळी चकतीला पसरू न देणारं कडं) नव्हती, त्यामुळे तांबं दुसऱ्या ठोक्याला एका बाजूला पसरतं आणि नाणं लांबट होतं. १७९३-९५ च्या बऱ्याच सेंटच्या कडेवर 'एक डॉलरला शंभर' अशा अर्थाची अक्षरं आहेत, ती छाप मारायच्या आधीच उठवलेली असायची, म्हणून दुसऱ्या ठोक्यात तीही दबतात.

याच्यात आणि दुहेरी ठशात लोक फार गोंधळ घालतात. ठसा बनवताना अक्षराचा पंच (ठशात अक्षर उमटवायची पोलादी कांडी) दोनदा बसला तर ती दुहेरी खूण त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर येते, डबल स्ट्राइक मात्र त्या एकाच नाण्याची गोष्ट, तंतोतंत तसं दुसरं मिळणं जवळपास अशक्य. ओव्हरस्ट्राइकही वेगळं, त्यात दुसऱ्याच नाण्यावर नवीन छाप असतो, जसं कनेक्टिकटच्या कॉपरवर मारलेलं न्यू जर्सीचं कॉपर किंवा १७९५ आणि १७९७ चे काही हाफ सेंट, जे न्यूयॉर्कच्या टॅलबट, ॲलम अँड ली या व्यापाऱ्यांची टोकन (नाण्यासारखे खासगी बिल्ले) कापून केले.

अशा नाण्याला खराब म्हणून बाजूला टाकणं मला अजिबात पटत नाही, प्रेस कसं चालायचं याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार. फक्त घेताना अक्षरं बघा. दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेल्या नकलेत जास्तीची अक्षरं उलटी आणि खोलगट येतात, खऱ्या डबल स्ट्राइकवर दोन्ही वेळची अक्षरं सुलटी आणि उठावाचीच असतात.