बक्षीसपत्रात सांभाळाची अट नाही? मग प्रांत कार्यालयात जाण्याआधी हे वाचा

घर मुलाच्या नावावर केलं, वर्षभरात मुलाने बोलणं टाकलं, म्हणून ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयात अर्ज केला, आणि तो फेटाळला गेला. असे अर्ज बहुतेक वेळा एकाच ओळीवर पडतात. दस्तात लिहिलेलं असतं: "प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय व कोणत्याही अटीविना." दस्तलेखकाच्या संगणकात हा मसुदा तयारच असतो. तो नाव आणि गट नंबर बदलतो, आणि आई-वडील न वाचता सही करतात.

कायद्याचं पूर्ण नाव आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे आणि राज्याचे नियम २०१० चे आहेत. त्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून न्यायाधिकरण (या कायद्याखाली हे काम प्रांत पाहतात) ते रद्द ठरवू शकतं. सगळा पेच "सांभाळाच्या अटीवर" या दोन शब्दांत आहे. ही अट कुठेच नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका आईचा दावा मान्य केला नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका आईला घर परत मिळालं. तिच्या प्रकरणात बक्षीसपत्राच्या जोडीला मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं, आणि कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं न्यायालयाने सांगितलं. दोन्ही निकाल वर्तमानपत्रांत सारख्याच थाटात छापून आले आणि लोक दुसऱ्या निकालाच्याच भरवशावर अर्ज करत राहतात. तुमच्या हातात वचनपत्र आहे का, हे आधी पाहा.

दस्त अजून व्हायचा असेल तर दस्तलेखकाला हा मजकूर घालायला सांगा: "लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांच्या पत्नी यांचा उभयतांच्या हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, सदर मिळकतीत निवास, औषधोपचार व शुश्रूषा यांसह सांभाळ करावयाचा आहे, या अटीवरच हे बक्षीसपत्र लिहून दिले आहे. अटीचे पालन न झाल्यास अधिनियम २००७ च्या कलम २३ अन्वये हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा लिहून देणार यांना हक्क राहील." मजकुरातला "शुश्रूषा" हा शब्द गाळू देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जेवणखाण आणि औषधं मिळत असली तरी कूस बदलून देणारं, लघवीची पिशवी रिकामी करणारं माणूस नसेल तर त्याला सांभाळ म्हणता येत नाही, आणि मोघम दस्तावर नेमका हाच वाद होतो. त्याखाली तहहयात राहण्याचा आणि वहिवाटीचा हक्क राखून ठेवल्याचं वेगळं कलम घाला. "अशी अट चालत नाही" असं कोणी टेबलावर सांगितलं तर ते लेखी मागा. लेखी कोणी देत नाही.

इच्छापत्राला कलम २३ लागत नाही, कारण ते मृत्यूनंतरच अमलात येतं आणि हयातीत कधीही बदलता येतं. खरं तर बहुतेक घरांत इच्छापत्रानेच भागतं. "नंतर कटकट नको" म्हणून हयातीतच घर देऊन टाकण्याची घाई नडते. १ मार्च २००९ च्या आधीचा दस्त असेल, तरीही कलम २३ चा उपयोग नाही. अशा वेळी चरितार्थाचा, म्हणजे मुलांकडून दरमहा खर्चाची रक्कम मागण्याचा, अर्ज करा, तो मार्ग उघडा आहे.

कोण, कोणाविरुद्ध, कुठे

आई-वडिलांना वयाची अट नाही. सावत्र आणि दत्तक आई-वडीलही यात येतात. आई-वडील म्हणून नव्हे तर ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ज करायचा असेल, तर वय ६० पूर्ण हवं. मुलगा, मुलगी, नातू, नात हे सगळे सज्ञान असतील तर जबाबदार. सून आणि जावई या व्याख्येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ते होते, पण ते विधेयक मंजूर झालं नाही. समाजमाध्यमांवर फिरणारी "सुनेवरही जबाबदारी" ही पोस्ट त्याच विधेयकाची आहे. अपत्य नसलेल्यांना पुतण्या-भाच्याविरुद्ध अर्ज करता येतो, पण तो कायदेशीर वारस असला पाहिजे आणि मालमत्ता त्याच्या ताब्यात तरी असली पाहिजे किंवा पुढे त्याला मिळणार असली पाहिजे. म्हणून अशा अर्जाला सातबारा, ८-अ किंवा प्रॉपर्टी कार्ड जोडायलाच हवं.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे करायचा. पोलीस ठाणं किंवा तहसील ही त्याची जागा नाही. तुम्ही राहता तिथे, शेवटचं जिथे राहत होतात तिथे, किंवा मूल राहतं तिथे, यांपैकी कुठेही तो चालतो. साताऱ्याचं घर सोडून नाशिकला मुलीकडे राहायला आलेल्या आईने साताऱ्याला हेलपाटे घालायची गरज नाही. मूल परदेशात असेल तरी अर्ज घ्यावाच लागतो, कारण कायदा परदेशी असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण मुलाने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर वाट अवघड होते.

वकील लावण्याची सक्ती नाही. उलट कायद्यात वकिलाला मनाई लिहिलेली आहे, आणि त्यावर उच्च न्यायालयांत वेगवेगळी मतं पडली आहेत. ज्यांना बोलणं जमत नाही त्यांनी निर्वाह अधिकारी, म्हणजे जिल्ह्याचा समाजकल्याण अधिकारी, बाजू मांडण्यासाठी मागावा. तो हक्क कायद्यातच आहे, पण तो कोणी सांगत नाही आणि म्हणून कोणी मागतही नाही.

कागद, आणि जो कागद कोणाकडेच नसतो

आधार, वयाचा पुरावा, रहिवास, फोटो आणि पासबुक हे तुमच्याकडे असतंच. अडतं ते नात्याच्या पुराव्यावर. पन्नाशीच्या मुलाचा जन्मदाखला बऱ्याच घरांत नसतो. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, पासपोर्ट यांतलं काहीही चालतं. मुलीच्या बाबतीत शाळेचा दाखला आणि विवाह नोंदणी दाखला अशी जोडी द्या, म्हणजे माहेरचं नाव आणि सासरचं नाव जुळतं. आईच्या नावाचा गोंधळ मात्र सर्वांत मोठा असतो. आधारवर "सुमन", मुलाच्या दाखल्यावर "सुमनबाई" आणि सातबारावर लग्नाआधीचं नाव. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी जोडा. सुनावणीत त्यावर बोट ठेवलं गेलं तर पुढची तारीख महिन्याने पडते.

दुसरी अडचण मुलाच्या उत्पन्नाची. त्याची पगारपावती आईकडे कुठून येणार? ती नाही म्हणून अर्ज अपुरा ठरत नाही. कंपनीचं नाव, हुद्दा, गाडी, भाड्याने दिलेला फ्लॅट, जे माहीत असेल ते अर्जात लिहा आणि उत्पन्नाचं शपथपत्र दाखल करायला लावावं अशी मागणी त्याच अर्जात करा. न्यायाधिकरणाला कलम ८ प्रमाणे शपथेवर पुरावा घेण्याचे आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

तिसरा कागद खर्चाचा, आणि अर्ज याच कागदावर तगतात किंवा पडतात. "मला खर्चाला पैसे लागतात" एवढ्या वाक्यावर रक्कम ठरत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून भागत नाही हे दाखवावं लागतं. पेन्शन येत असेल तर ती लपवू नका, पासबुकात ती दिसतेच. एका बाजूला पेन्शन, दुसऱ्या बाजूला खर्च, असा साधा तक्ता करा. रोज तीन डायपर म्हणजे महिन्याला नव्वद, औषधं, रक्तदाब-साखरेच्या तपासण्या, फिजिओथेरपीच्या फेऱ्या, कॅथेटर बदलण्याचा खर्च, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर वाढलेलं वीजबिल. मदतनीस बाईला रोख पैसे दिले जातात, त्याची पावती नसते. एक वही घाला: तारीख, किती तास, किती रुपये, बाईची सही किंवा अंगठा. तीन महिन्यांची अशी वही कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करते. डॉक्टरकडून मात्र नुसता आजाराचा दाखला घेऊ नका. "स्वतः उठणे, स्नान, शौच यासाठी दिवसरात्र मदतनीसाची गरज" असं वाक्य त्यात लिहून घ्या.

अर्जदार अंथरुणाला खिळलेला असेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते, पण त्यासाठी अधिकारपत्र हवं. सही जमत नसेल तर अंगठा, आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला माणूस अधिकारपत्र देऊच शकत नाही. तिथे न्यायाधिकरणाला लेखी कळवून त्यांनी स्वतःहून दखल घ्यावी अशी विनंती करा. कायद्यात तीही वाट आहे.

तारखा, ज्या चुकीच्या मोजल्या जातात

"नव्वद दिवसांत निकाल" हे सगळ्यांना पाठ असतं. ते दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजायचे नसून मुलाला नोटीस बजावली गेल्यापासून मोजायचे असतात. पुढे अपवादात्मक कारणासाठी एकदाच तीस दिवस वाढतात. मुलाचा पत्ता चुकला तर घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून घरचा आणि कामाच्या ठिकाणचा असे दोन्ही पत्ते आणि मोबाइल नंबर द्या. निकालापर्यंत पोट कशावर भरायचं हा प्रश्न असेल तर अंतरिम चरितार्थाची मागणी पहिल्याच अर्जात करा. समेटासाठी प्रकरण तडजोड अधिकाऱ्याकडे गेलं तर त्यालाही एक महिन्याची मुदत आहे. तिथे मुलगा "नेतो घरी" म्हणतो आणि आई विरघळते. विरघळायला हरकत नाही, पण रक्कम, राहण्याची खोली आणि औषधाची जबाबदारी कोणाची, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

आदेशानंतर मुलाने तीस दिवसांत रक्कम भरायची असते. नाही भरली तर वसुलीच्या वॉरंटसाठी अर्ज करा, आणि तो रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आतच. ही मुदत सर्वांत जास्त चुकते. "दिवाळीला देतो म्हणालाय" म्हणत लोक सहा महिने थांबतात, आणि जुने हप्ते वसुलीतून निसटतात. वॉरंटनंतरही पैसे दिले नाहीत तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आदेशाविरुद्ध अपील साठ दिवसांत. आदेशाची प्रत मोफत मिळते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दहा हजारांची मर्यादा

कमाल दरमहा दहा हजार रुपये ही मर्यादा अजून कायद्यात आहे. ती काढून टाकणारं विधेयक वर सांगितलेलंच, जे मंजूर झालं नाही. चोवीस तासांचा मदतनीस ठेवायचा तर या रकमेत भागत नाही, हे वेगळं सांगायला नको. मग अर्ज करण्याआधीच रस्ता निवडावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५) रकमेला कमाल मर्यादा नाही, पण ते काम न्यायालयात चालतं आणि सहसा जास्त वेळ खातं. दोन्हीकडे एकाच वेळी मागता येत नाही. आधीच न्यायालयात दावा असेल आणि तो अर्जात लपवला तर अर्ज तिथेच संपतो. आई-वडील दोघेही असतील तर प्रत्येकाचा वेगळा अर्ज करा.

आई-वडिलांच्या मालकीच्या घरात मुलगा छळत असेल तर त्याला घराबाहेर काढण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं, असं न्यायालयांनी मान्य केलं आहे. मुलगाच साठीचा झाला तर काय, याचंही उत्तर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलं: वय अर्जाच्या तारखेचं धरायचं. सून मात्र वेगळी बाब आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा राहण्याचा हक्क या कायद्याने आपोआप पुसला जात नाही, हे २०२० चा निकाल सांगतो. सुनेला बाहेर काढण्यासाठी सासू-सासऱ्यांना पुढे करून केलेले अर्ज ओळखू येतात आणि ते टिकत नाहीत.

सही चालते तोवर

वरचं सगळं भांडण झाल्यावरचं आहे. पण ज्या घरात भांडण नाही, तिथेही एक कागद दगा देतो, तो म्हणजे कुलमुखत्यारपत्र, आपल्या वतीने सह्या-व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला अधिकार. वडिलांनी मुलीला ते करून दिलं, पुढे वडिलांना स्मृतिभ्रंश झाला, आणि मुलगी त्यावर बँकेत सही करत राहिली. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते निकामी होतं. बँकेला कळलं की खातं अडतं, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी थेट उच्च न्यायालयात याचिका करायची वेळ येते. म्हणून समज शाबूत असतानाच निदान घरखर्चाचं खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीने संयुक्त करून घ्या.

व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे मुलांवर सोडायचं नसेल तर आगाऊ वैद्यकीय निर्देश करता येतो. जानेवारी २०२३ पासून त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने निर्णय कोण घेणार त्यांची नावं त्यात लिहा, एक प्रत फॅमिली डॉक्टरला द्या, आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करा. टेबलावरच्या माणसाला हा विषय माहीत नसण्याची तयारी ठेवा. प्रत आवक-जावकला देऊन पोच घ्या, आणि त्या पोचेची झेरॉक्स रुग्णाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावा.