'भिऊ नको' खरंच ३६५ वेळा?
"बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर ३६५ वेळा येतं, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा." ठाण्यातल्या प्रार्थना-ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आकडा मात्र खरा नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्या बसल्या तपासता येईल. मोबाइलवरच्या मराठी बायबलमध्ये 'भिऊ नको' शोधा, मग 'भिऊ नका', 'घाबरू नका', आणि बेरीज करा. भाषांतरागणिक आकडा थोडा हलेल, पण ३६५ च्या जवळपासही जाणार नाही. तिथवर पोचायला भीतीचा प्रत्येक उल्लेख धरावा लागेल, म्हणजे 'परमेश्वराचे भय धरा' हेसुद्धा! शिवाय बायबलच्या काळातलं यहुदी वर्ष चांद्रमासांचं, साधारण ३५४ दिवसांचं. (आणि लीप वर्षाचं काय?)

खरी गंमत संदर्भात आहे. उत्पत्ती १५:१ मध्ये (म्हणजे उत्पत्ती या पुस्तकाचा अध्याय १५, वचन १) हे शब्द निपुत्रिक अब्रामाला आहेत, लूक १:३० मध्ये गोंधळलेल्या मरीयेला, म्हणजे येशूच्या आईला. मत्तय १४ मध्ये तर ते घाबरलेल्या शिष्यांना आहेत: पाण्यावरून चालत येणारा येशू त्यांना चक्क भूत वाटला होता.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर आकडा काढा आणि 'भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे' म्हणणारं यशया ४१:१० अख्खं टाका.