एम.२ म्हणजे एनव्हीएमई नव्हे: घरच्या पीसीसाठी एसएसडी घेताना

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लावायची, चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह. ऑनलाइन '५१२ जीबी एसएसडी' शोधलं की दोन पट्ट्या शेजारीशेजारी दिसतात. दोन्ही २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, दोन्हींच्या नावात 'एम.२ २२८०', आणि किमतीतही बहुतेकदा फारसं अंतर नसतं. त्यातली एक साटा, दुसरी एनव्हीएमई. नेमकी नको ती मागवली, तरी ती बरेचदा स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो. फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना सुटे भाग ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये, तिचा पत्ता नसतो.

घोळाचं मूळ एवढंच, की एम.२ हे आकाराचं नाव आहे. २२८० हे आकडे म्हणजे निव्वळ मापं. लॅपटॉपसाठी ४२ आणि ३० मिलिमीटर लांबीच्या आखूड पट्ट्याही मिळतात. आतला डेटा कुठल्या वाटेने जातो, ते या मापावरून कळत नाही. साटा ही हार्ड डिस्कच्या जमान्यातली वाट. साटा ३ चा कागदावरचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट, हातात पडतात ५५० एमबीच्या आसपास. एनव्हीएमई ग्राफिक्स कार्डाच्याच वाटेने, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरून चालते. तिसऱ्या पिढीच्या चार लेन (डेटाच्या समांतर मार्गिका) मिळाल्या तर ३,५०० एमबीपर्यंत जाते, चौथ्या पिढीत ७,००० च्या घरात.

म्हणूनच एम.२ साटा आणि नेहमीची अडीच इंची चपटी डबी यांचा वेग सारखाच असतो. पट्टी बारीक दिसते म्हणून ती नव्या जमान्याची आणि वेगवान, हा समज दुकानातही पुष्कळदा ऐकू येतो.

पट्टीच्या टोकाला सोनेरी पिना असतात, त्यांच्यातल्या खाचा बघा. साटा पट्टीला सहसा दोन खाचा, एनव्हीएमईला एक. दोन खाचांची पट्टी दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये शिरते, म्हणून तर ती बसते पण चालत नाही. अर्थात दोनच लेनवर चालणाऱ्या काही एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा होत्या, तेव्हा खाचा मोजून पक्का निकाल लागत नाही. तो लागतो मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये. बोर्डाचं मॉडेल त्यावरच छापलेलं असतं. कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवा आणि एम.२ स्लॉटपुढे काय लिहिलंय ते वाचा: साटा, पीसीआयई की दोन्ही. नुसतं 'साटा' लिहिलेले स्लॉट जुन्या लॅपटॉपांत सापडतात. उलट अलीकडच्या बऱ्याच बोर्डांच्या एम.२ स्लॉटवर साटा चालतच नाही. त्याच पानावर एक तळटीप असते, तीही सोडू नका: काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की नेहमीच्या साटा पोर्टांपैकी एखादं बंद होतं. नवी एसएसडी दिसते आणि जुनी हार्ड डिस्क गायब होते, ते यामुळे.

आता आपल्याकडे घरोघरी असलेला जुना असेंबल्ड पीसी घेऊ. इंटेलचा एच६१ चिपसेट (बोर्डावरचे जोड सांभाळणारी चिप) असलेले स्वस्त बोर्ड भारतात अजूनही हजारोंनी चालू आहेत. त्यांतल्या मूळच्या जुन्या बोर्डांवर एम.२ स्लॉट नसतो, आणि चिपसेटची साटा पोर्ट दुसऱ्या पिढीची, ३ गिगाबिटची. पीसीआयई स्लॉटमध्ये ॲडॉप्टर कार्ड लावून एनव्हीएमई बसवता येते, विंडोजला ती दिसतेही. पण अशा जुन्या बोर्डाच्या बायोसला एनव्हीएमईवरून बूट करता येत नाही, आणि सुधारित बायोस चढवायच्या भानगडीत घरच्या माणसाने पडू नये. इथे अडीच इंची साटा एसएसडीच घ्यायची. सेकंदाला २७० एमबीच मिळतील, मिळू देत.

कारण घरच्या मशीनला खरा त्रास वेगळाच असतो. फिरत्या हार्ड डिस्कला दरवेळी मुंडी हलवून जागा शोधावी लागते, त्यात दहाएक मिलिसेकंद जातात. विंडोज चालू होताना अशा हजारो बारक्या फायली वाचल्या जातात. एसएसडीत हलणारं काहीच नाही, त्यामुळे हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर संपतो. मिनिटांचं काम सेकंदांवर येतं ते या जोरावर, आणि हा फायदा साटा एसएसडीतही जवळजवळ पूर्ण मिळतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर बूट होताना फार तर दोन-चार सेकंद वाचतील.

एनव्हीएमईचे मोठे आकडे खोटे नाहीत, पण ते सलग मोठी फाइल वाचतानाचे आहेत. ५० जीबीचं व्हिडिओ फुटेज साटावर दीड-पावणेदोन मिनिटं घेईल, एनव्हीएमईवर पंधरा-वीस सेकंद. मात्र दुसरं टोकही तितकंच वेगवान हवं. जुन्या हार्ड डिस्कवरून लग्नाचे फोटो उतरवून घेताना वेग ठरवणार ती हार्ड डिस्क. रोज एडिटिंग करणाऱ्याला फरक जाणवेल. टॅली, ब्राउझर, ऑनलाइन क्लास आणि सिनेमा एवढंच करणाऱ्याला नाही.

तरीही स्लॉट एनव्हीएमई घेत असेल तर एनव्हीएमईच घ्या. किंमत जवळपास सारखी असताना एम.२ साटा घ्यायला कारण उरत नाही, आणि पुढच्या मशीनमध्येही हीच पट्टी लावता येईल. फक्त चौथ्या-पाचव्या पिढीच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका. तेच पैसे क्षमतेत घाला: २५६ ऐवजी ५१२, जमल्यास १ टीबी.

उरलेली घासाघीस आतल्या चिपवर करा. टीएलसीत एका पेशीत तीन बिट साठवतात, क्यूएलसीत चार. म्हणून क्यूएलसी स्वस्त. सॅमसंगच्या ८७० मालिकेत १ टीबीची टीएलसी एव्हो ६०० टीबी लेखनाच्या वॉरंटीची, तर क्यूएलसीवाली क्यूव्हो ३६० टीबीची. या आकड्याने घाबरायचं कारण नाही. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेसात टीबीसुद्धा भरत नाहीत. क्यूएलसीची खरी खोट वेगळी आहे: एका दमात भरपूर डेटा ओतला की कॅशे, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरते आणि वेग कोसळतो, १ टीबीच्या क्यूव्होचा तर सेकंदाला ८० एमबीवर, म्हणजे बऱ्याच हार्ड डिस्कपेक्षाही खाली. सिस्टम ड्राइव्हसाठी मी दोन-चारशे रुपये जास्त देऊन टीएलसीच घेईन. स्वतःची डीरॅम (छोटी वेगवान मेमरी) नसलेल्या स्वस्त पट्ट्यांत एनव्हीएमईचं पारडं जड आहे, कारण कुठला डेटा कुठे ठेवलाय याचा नकाशा ठेवायला तिला पीसीच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेता येते. साटाला ती सोय नाही.

एक बारीकसारीक गोष्ट. एम.२ पट्टी अडकवणारा स्क्रू बहुतेकदा एसएसडीसोबत येत नाही, तो मदरबोर्डच्या खोक्यात आलेला असतो. ऑर्डर देण्याआधी ते खोकं माळ्यावरून काढून बघा. जुन्या बोर्डाचं खोकं केव्हाच रद्दीत गेलं असेल, तर असे स्क्रू सुटे मिळतात, तेही सोबतच मागवा.