हाड 'भरलं' म्हणजे नक्की काय?

हिरडीच्या आजारात दात आणि हिरडी यांच्यामध्ये फट पडते, तिला पॉकेट म्हणतात. पॉकेट खोल असेल तर शस्त्रक्रिया करून हिरडी उघडायचीच, असं 1970च्या दशकापर्यंत बहुतेक जण धरून चालत. मूळ डोळ्यांना दिसलं नाही तर साफ कसं होणार, एवढा साधा हिशोब. पुढे एकाच तोंडात एका बाजूला फ्लॅप (म्हणजे हिरडीचा पदर) उघडून आणि दुसऱ्या बाजूला नुसतं स्केलिंग-रूट प्लेनिंग (हिरडी न उघडता मूळ खरवडून साफ करणं) करून वर्षानुवर्षं मोजमाप ठेवलं गेलं आणि हा हिशोब डळमळला. 1982 च्या एका स्वीडिश विश्लेषणात साधारण 5.4 मिमीपेक्षा खोल पॉकेटमध्येच शस्त्रक्रिया सरस ठरली. उथळ जागी तर दोन्ही उपचारांनी उलट थोडं नुकसानच होत होतं.

खरा गुंता मात्र 'अटॅचमेंट गेन' (उपचारानंतर दाताला हिरडीची पकड किती परत मिळाली, याचं माप) या शब्दाने केला. रुग्णाला सांगितलं जातं, 'दोन मिमी फायदा झाला'. तो ऐकतो, हाड परत आलं. प्रत्यक्षात काय होतं? सुजलेल्या हिरडीत प्रोब (पॉकेटची खोली मोजायची बारीक सळई) घातला की त्याचं टोक पॉकेटच्या तळाशी थांबत नाही, तळाच्या सैल पेशीजालात घुसतं. उपचारानंतर सूज ओसरते, हिरडी घट्ट होते आणि तोच प्रोब त्याच दाबाला वरच अडतो. शिवाय हिरडीची कड मुळाकडे सरकते, त्यामुळे पॉकेट आणखी उथळ दिसतं. दात लांब वाटू लागतात ते याचमुळे. मुळाला नवा जोड बसतो तो बहुतेकदा वरच्या त्वचेच्या पेशींच्या लांब पट्टीचा, मुळाला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंचा नव्हे. एक्स-रेमध्ये उभ्या खळग्यात थोडं हाड भरलेलं दिसतं, आडव्या झिजेत जवळपास नाहीच. तरीही हा निकाल कमी लेखू नये. ही पट्टी नीट निगा राखली तर वर्षानुवर्षं टिकते आणि दात वाचवायला तेवढं पुरतं.

निगा हा शब्द इथे महत्त्वाचा. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या 600 रुग्णांच्या पाहणीत सरासरी 22 वर्षं पाठपुरावा होता. सुमारे 83 टक्के रुग्णांचे तीन किंवा त्याहून कमी दात गेले. काहींवर शस्त्रक्रियाही झाली होती, त्यामुळे सगळं श्रेय स्केलिंगला देता येत नाही. दाढांमध्ये, विशेषतः मुळांच्या फाट्यापाशी, निकाल कमकुवतच राहिले. सिगारेट ओढणाऱ्यांमध्येही तेच.

मधल्या काळात एकाच दिवसात संपूर्ण तोंड साफ करणं, पॉकेटमध्ये ठेवायची औषधं, लेझर असं बरंच येऊन गेलं. माझ्या मते त्यांचा गाजावाजा निकालापेक्षा मोठा होता. 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत लेझरची जोड न देण्याकडेच कल आहे. त्याच तत्त्वांनुसार आधी साफसफाई, मग फेरतपासणी. पॉकेट 4-5 मिमी उरलं तर पुन्हा तीच साफसफाई, आणि 6 मिमी किंवा अधिक उरलं तरच चाकू.