अमेरिकेच्या अध्यक्षांच्या टेबलावर लाल बटण असतं का?

‘अमेरिकेच्या अध्यक्षांनी टेबलावरचं लाल बटण दाबलं की अणुबॉम्ब सुटतो.’ घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांत हा मेसेज अधूनमधून फिरतो. सिनेमांनी हे चित्र इतकं पक्कं केलंय की खरं वाटणं साहजिक आहे.

असं बटण नाही. (टेबलावर एक बटण ठेवलेलं असे, पण ते सेवकाला बोलावायचं.) अध्यक्षांसोबत एक लष्करी अधिकारी काळी बॅग घेऊन फिरतो. तिच्यात हल्ल्याच्या पर्यायांची कागदपत्रं आणि संपर्काची साधनं असतात. अध्यक्षांकडच्या कार्डावरचे संकेत आदेश देणारे तेच आहेत एवढंच सिद्ध करतात. मग लष्करी केंद्रातून सांकेतिक संदेश क्षेपणास्त्रतळांवर जातो. जमिनीखालच्या नियंत्रणकक्षात दोन अधिकारी तो पडताळून एकाच वेळी किल्ल्या फिरवतात. बँकेच्या लॉकरसारखंच, एकट्याने उघडत नाही.

पण यातून ‘कुणीतरी अडवेलच’ असं समजू नका. दोन माणसांचा नियम आदेश अमलात आणताना आहे, आदेश देताना नाही. तो अधिकार एकट्या अध्यक्षांचा. कायद्याने संसदेची किंवा संरक्षणमंत्र्यांची संमती लागत नाही. सुटलेलं क्षेपणास्त्र परतही बोलावता येत नाही. खरी चिंता इथे आहे, आणि तिथल्या संसदेत त्यावर वादही होत आलाय.

पडताळायचं तर ॲरिझोनातल्या टायटन क्षेपणास्त्र संग्रहालयाचे व्हिडिओ पाहा. किल्ल्यांच्या दोन जागा मुद्दाम इतक्या लांब आहेत की एकाचे हात पोहोचणारच नाहीत.