साहेलमधील गवताळ प्रदेशाचे उपग्रहीय निरीक्षण

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या निमशुष्क पट्ट्याला साहेल म्हणतात. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात पडतो. उत्तरेला वर्षाला सुमारे 200 मिमी, दक्षिणेला 600 मिमीपर्यंत. उत्तरेकडील बहुतेक गवत वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून मरणारे असल्याने पावसातील घटबढ त्याच हंगामात कुरणावर दिसते.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन परावर्तनांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) मिळतो. तो उणे 1 ते अधिक 1 या दरम्यान असतो. 1972 मध्ये लँडसॅट-1 हा भूनिरीक्षण उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेतील ग्रेट प्लेन्सच्या गवताचा अभ्यास करताना राउझ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सूत्र वापरले. मात्र लँडसॅट त्याच जागी 18 दिवसांनी येई आणि नेमके त्या दिवशी ढग असले की फेरी वाया जाई. साहेलसाठी उपयोगी पडला तो 1981 चा नोआ-7 हा हवामान उपग्रह. त्याचे चित्र ढोबळ, पण रोजचे. ढगामुळे निर्देशांक घटतो, म्हणून काही दिवसांच्या चित्रांतून प्रत्येक ठिकाणचे सर्वाधिक मूल्य निवडले की ढगांचा अडथळा बराच टळतो.

जमिनीवरचे काम जुन्याच पद्धतीचे आहे. सेनेगलच्या फेर्लो भागात ठरलेल्या जागांवरचे गवत कापून, वाळवून, वजन करून ते आकडे निर्देशांकाशी ताडून पाहिले गेले. ही जोड नसती तर निर्देशांकावरून चाऱ्याचा अंदाज बांधता आला नसता.

नासाचे संशोधक कॉम्प्टन टकर आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवले की 1980 ते 1990 या काळात सहाराची दक्षिण सीमा पावसाबरोबर मागेपुढे होत होती. 1984 च्या भीषण दुष्काळात ती बरीच दक्षिणेला सरकली आणि नंतर पुन्हा मागे हटली. वाळवंट दरवर्षी ठरावीक अंतराने पुढे येते, हा तोवरचा समज त्यामुळे डळमळला. पुढील दशकांत साहेलचा बराच भाग पुन्हा हिरवा होताना दिसला.

या हिरवाईचे श्रेय सरसकट पावसाला किंवा गवताला देणे मात्र चूक. दक्षिण नायजरमध्ये शेतकऱ्यांनी शेतात आपसूक फुटलेली झाडे राखली, त्यांचाही त्यात वाटा आहे. मोजमापातही खोट येते: उपग्रहाची डोक्यावरून जाण्याची वेळ वर्षागणिक सरकते, फिलिपाइन्समधील पिनाटूबो ज्वालामुखीच्या 1991 च्या उद्रेकाची धूळ आकडे बिघडवते, आणि विरळ गवतातून दिसणारी माती निर्देशांकात मिसळते.

निर्देशांक असा फसवू शकतो हे भारतातही दिसते. कच्छच्या बन्नी कुरणात वेडी बाभूळ पसरली आहे. ती उन्हाळ्यातही हिरवी राहते, त्यामुळे गवत हटले तरी निर्देशांक चांगला दिसू शकतो. पुणे-सोलापूरकडील माळरानांचे उलट आहे: पावसाळा सरला की गवत पिवळे पडते. तिथे मार्च-एप्रिलच्या एकाच चित्रावरून जमीन उजाड ठरवणे सोपे असते; सरकारी दफ्तरात तर अशी कित्येक माळराने पडीक म्हणूनच नोंदलेली आहेत.